औषध आणि अंगची ताकद : हिवतापाच्या उपचारातील एक प्रश्न

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

हिवतापाचे नाव ऐकले नाही असे घर आपल्याकडे सापडणे कठीण. कोणी त्याला थंडीताप म्हणते, कोणी मलेरिया. दिवसाआड येणाऱ्या तापाला जुनी माणसे एकांतरा म्हणत आली. डास, साचलेले पाणी, कडू गोळ्या या गोष्टी प्राथमिक शाळेच्या पुस्तकापासून आपल्याला पाठ आहेत. परंतु गोळी घेतल्यानंतर रक्तातले जंतू जातात कसे, आणि तीच गोळी एकाचे रक्त एका दिवसात स्वच्छ करते व दुसऱ्याच्या रक्तात तिसऱ्या दिवशीही जंतू दिसतात, असे का होते, या प्रश्नाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी नाही. भूगोलात रोगांच्या प्रसाराचा भाग अभ्यासताना हा प्रश्न पुढे आला आणि मग त्याने सोडले नाही. जे वाचले व समजले ते माझ्यासारख्याच कला शाखेच्या वाचकांसाठी येथे मांडते.

प्रथम थोडी उजळणी करू. हिवतापाचा जंतू आल्फोन्स लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराने १८८० साली अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात पाहिला. आपल्या देशातच जन्मलेल्या रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस डासाच्या पोटात त्याचा माग काढला. हा जंतू म्हणजे एक परोपजीवी, प्लाझ्मोडियम. त्याच्या माणसाला त्रास देणाऱ्या जाती अनेक आहेत, पण सर्वांत घातक ती फाल्सिपेरम. या लेखात जेथे नुसते ‘जंतू’ म्हटले आहे तेथे वाचकांनी ही फाल्सिपेरम जातच समजावी.

डास चावला की जंतू आधी यकृतात जातो, तेथे वाढतो आणि मग रक्तात उतरतो. रक्तात तो एका तांबड्या पेशीत शिरतो, सुमारे ४८ तासांत तिच्यात वाढून अनेक पिले तयार करतो, पेशी फोडतो आणि ती पिले नव्या पेशींत शिरतात. पेशी फुटण्याच्या वेळी थंडी वाजून ताप भरतो. या ४८ तासांपैकी पहिला काही काळ जंतू अंगठीच्या आकाराचा असतो व पेशीबरोबर रक्तात फिरत असतो. पुढे मोठा झाला की ती पेशी केशवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते आणि फिरायचे थांबते. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण बोटाला सुई टोचून घेतलेल्या थेंबात आपल्याला फक्त फिरणारेच जंतू दिसतात, लपलेले दिसत नाहीत. आशाताई काचपट्टीवर जो थेंब घेतात त्यात रोगाचा अर्धाच हिशेब असतो, असे म्हटले तरी चालेल.

आता औषधाकडे वळू. सिंकोनाच्या सालीपासून निघणारे क्विनीन जुने. त्यानंतर क्लोरोक्विन आले आणि अनेक वर्षे त्याने जगाची सेवा केली. पुढे जंतू त्याला दाद देईनासे झाले. सध्या फाल्सिपेरमवर जगभर वापरली जाणारी मुख्य औषधे आर्टेमिसिनिन या वर्गातली आहेत. व्हिएतनामच्या युद्धकाळात, २३ मे १९६७ रोजी, चीनमध्ये हिवतापावर नवे औषध शोधण्याचा गुप्त प्रकल्प सुरू झाला. त्यात काम करणाऱ्या तू योयो या बाईंना चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याच्या ग्रंथात एका वनस्पतीचा उल्लेख सापडला. ती वनस्पती उकळून न घेता पाण्यात भिजवून पिळून घ्यावी असे तेथे सांगितले होते. उष्णतेने गुण जात असावा हे बाईंनी त्यावरून ताडले, कमी तापमानाला अर्क काढला आणि औषध हाती आले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे जुन्या पोथ्यांचा नुसता अभिमान बाळगणारे पुष्कळ आहेत. त्यांतली एक ओळ घेऊन प्रयोगशाळेत बसणारे थोडे. असो.

आर्टेमिसिनिनची खासियत अशी की ते अंगठीच्या अवस्थेतल्या कोवळ्या जंतूंनाही मारते. म्हणून रक्तातील जंतूंची संख्या इतक्या वेगाने उतरते की त्यापूर्वीच्या कोणत्याही औषधाने ती तशी उतरत नव्हती. जंतूच्या एका ४८ तासांच्या फेऱ्यात ही संख्या साधारण दहा हजार पटीने घटते असे शास्त्रज्ञ मानतात. हा आकडा मोठा वाटतो. पण गंभीर आजारी प्रौढ माणसाच्या शरीरात एक लक्ष कोटी इतके जंतू असू शकतात. तीन दिवसांच्या उपचारात जंतूचे दोन फेरे सापडतात, म्हणजे संख्या दहा कोटी पटीने घटते. एक लक्ष कोटीला दहा कोटीने भागा. दहा हजार उरतात! हे दहा हजार पुन्हा वाढले तर काही दिवसांनी ताप परत येणार. म्हणूनच आर्टेमिसिनिनबरोबर जास्त काळ अंगात राहणारे दुसरे औषध जोडून देतात. आणि म्हणूनच ताप उतरला म्हणून गोळ्या थांबवायच्या नसतात.

येथवर सगळे श्रेय औषधाचे झाले. परंतु रक्तातून जंतू नाहीसे होण्यात दोन निरनिराळ्या क्रिया आहेत: जंतू मरणे आणि मेलेला जंतू रक्तातून काढून टाकला जाणे. मारण्याचे काम औषध करते. काढण्याचे काम मात्र शरीरालाच करावे लागते, आणि त्यात मुख्य वाटा पाणथरीचा, म्हणजे प्लीहेचा आहे. पाणथरीत रक्त अतिशय अरुंद फटींतून गाळले जाते. तांबडी पेशी लवचीक असते, ती दबून पलीकडे जाते. आतला मेलेला जंतू दबत नाही, तो अलीकडेच अडकतो. अशा रीतीने पेशी जिवंत ठेवून नुसता जंतू उपसून काढला जातो. खारकेतली बी काढून घ्यावी आणि खारीक पुन्हा डब्यात ठेवावी, तसा हा प्रकार आहे. ज्यांची पाणथरी शस्त्रक्रियेने काढलेली आहे अशा रुग्णांत औषधाने जंतू मेले तरी त्यांची मढी रक्तात बराच काळ फिरत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला वाटावे की औषध लागू पडत नाही.

हिवतापाचा प्रदेश ओळखण्यासाठी पूर्वी डॉक्टर गावातल्या मुलांची पोटे चाचपून किती जणांची पाणथरी वाढलेली आहे ते मोजत. ‘पोट सुटले, हातपाय काड्या’ अशी मुले ज्या गावात जास्त, त्या गावात हिवताप जास्त. वाढलेली पाणथरी ही त्या मुलांच्या शरीराने रोगाशी चालवलेल्या झुंजीची खूण होती.

ही झुंज हळूहळू शिकली जाते. हे प्रथम स्पष्टपणे दाखवले रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने. १८९९-१९०० मध्ये तो जावा बेटावर आणि न्यू गिनीत गेला, आणि तेथील स्थानिक लोकांचे रक्त त्याने वयोगटांप्रमाणे तपासले. जेथे हिवताप बारमाही होता तेथे लहान मुलांच्या रक्तात जंतू सर्रास सापडत, मोठ्यांत फारसे सापडत नसत. बाहेरून आलेले लोक मात्र कोणत्याही वयाचे असले तरी आजारी पडत. कॉखने निष्कर्ष काढला की स्थानिक प्रौढांनी लहानपणापासून वारंवार आजारी पडून प्रतिकारशक्ती कमावली आहे. यालाच संपादित प्रतिकारशक्ती म्हणतात. जन्मतः मिळालेली ती वेगळी, आणि देवीच्या लसीसारखी एका टोचणीत मिळणारी तर ही मुळीच नव्हे. ही अर्धवट असते. जंतू अंगात शिरतात, थोडे राहतातही, पण वाढू शकत नाहीत व माणूस आजारी पडत नाही. माणूस तो प्रदेश काही वर्षे सोडून गेला तर ती ओसरते.

एवढ्या वेळा आजारी का पडावे लागते? गोवर एकदा होतो आणि संपतो. हिवतापच असा का? याचे एक कारण फार मौजेचे आहे. जंतू ज्या पेशीत राहतो तिच्या पृष्ठभागावर तो स्वतःचे एक प्रथिन आणून बसवतो. त्याच्याच आधारे ती पेशी भिंतीला चिकटते. हे प्रथिन बनवणारी सुमारे ६० निरनिराळी जनुके त्याच्याजवळ असतात आणि एका वेळी तो एकच वापरतो. शरीराने एक ओळखले की तो दुसरे काढतो. बहुरूप्याने गावोगाव सोंगे बदलावीत तसे हे चालते. शिवाय एका गावातल्या जंतूची सोंगे दुसऱ्या गावातल्या जंतूच्या सोंगांशी जुळतीलच असे नाही. म्हणून शरीराला बहुतेक सोंगे ओळखता येईपर्यंत बालपण सरते. ज्यांचे सरत नाही त्यांचा हिशेब बालमृत्यूंच्या आकड्यांत असतो. आजही हिवतापाने मरणाऱ्यांत बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालील मुले आहेत. ‘प्रतिकारशक्ती कमावणे’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो, पण त्या कमाईची किंमत कोण भरते हे विसरू नये.

ही शक्ती रक्तातच असते याचा पुरावा पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या छोट्या देशातून मिळाला. १९६१ साली कोहेन, मॅक्ग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी तेथील धडधाकट प्रौढांच्या रक्तातून गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचा अंश, वेगळा काढला आणि हिवतापाने आजारी असलेल्या लहान मुलांना टोचला. थोड्याच दिवसांत मुलांच्या रक्तातील जंतूंची संख्या झपाट्याने उतरली. ज्यांनी हिवताप कधी पाहिला नाही अशा लोकांच्या रक्तातल्या गॅमा ग्लोब्युलिनने तसे झाले नाही. पुढे १९९१ मध्ये थायलंडमधील रुग्णांना आफ्रिकी प्रौढांची प्रतिपिंडे देऊन असाच प्रयोग झाला व जंतू उतरले. म्हणजे या प्रतिपिंडांत कोणत्याही गोळीवाचून जंतू कमी करण्याची ताकद आहे.

मग गोळी आणि प्रतिपिंडे एकाच अंगात एकाच वेळी असतील तर? आपल्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. प्रतिपिंडे तीन ठिकाणी मदत करतात. पेशीतून बाहेर पडलेल्या पिलांना ती घेरतात व नव्या पेशीत शिरू देत नाहीत. जंतू असलेल्या पेशीवर ती जाऊन बसतात आणि पाणथरीतल्या भक्षक पेशींना ती पेशी खाण्याची जणू खूण करतात. आणि भिंतीला चिकटण्याच्या प्रथिनालाच त्यांनी झाकले तर पेशी लपून बसू शकत नाही, ती पाणथरीच्या फटीसमोर येतेच. औषधाने अर्धमेला झालेला जंतू अशा शरीरात अधिक लवकर काढला जाईल हे उघड आहे.

हे उतरणे मोजतात कसे, ते थोडे सविस्तर सांगते, कारण आकड्यांवाचून पुढचा वाद कळणार नाही. काचपट्टीवर रक्ताचा जाड थेंब वाळवून रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत जंतू किती दिसले ते मोजतात. एका घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी ८,००० असतात असे धरून जंतूंच्या आकड्याला ४० ने गुणले की जंतूंची घनता आली. उपचार सुरू केल्यावर दर काही तासांनी असा थेंब घेतात. आकडे आलेखावर मांडले की एक नियमित उतार दिसतो: ठरावीक तासांत संख्या निम्मी होते, पुन्हा तेवढ्याच तासांत निम्म्याची निम्मी. संख्या निम्मी व्हायला लागणारा हा काळ म्हणजे अर्धकाल.

उदाहरण घेऊ. दोघांच्या रक्तात घन मिलिमीटरला ६४,००० जंतू आहेत. एकाचा अर्धकाल २ तास, दुसऱ्याचा ६ तास. चोवीस तासांनी पहिल्याच्या रक्तात संख्या बारा वेळा निम्मी झाली; १६ च्या आसपास उरले, म्हणजे काचपट्टीवर सापडले तर सापडले. दुसऱ्याच्या रक्तात ती चारच वेळा निम्मी झाली, ४,००० उरले. त्याला १६ पर्यंत यायला ७२ तास, पूर्ण तीन दिवस लागतील. तिसऱ्या दिवशी रक्तात जंतू दिसणे हे म्हणूनच धोक्याचे चिन्ह मानतात. एखाद्या ठिकाणी १० टक्के किंवा त्याहून अधिक रुग्णांत असे दिसले की जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार तेथे आर्टेमिसिनिनला जंतू पुरेशी दाद देत नसल्याचा संशय घेतात.

हा संशय खरा ठरला तो कंबोडियाच्या पश्चिम टोकाला, पाइलिन येथे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाइलिनचे ४० आणि थायलंडमधील वांग फा येथील ४० रुग्ण घेतले होते. रक्त जंतुमुक्त व्हायला वांग फा येथे मध्यमानाने ४८ तास लागले, पाइलिन येथे ८४. पुढे जंतूच्या केल्च-१३ नावाच्या जनुकातील बदलांशी या दिरंगाईचा संबंध जोडला गेला. नंतर दहा देशांतील १५ ठिकाणी १,२४१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात अर्धकालाचे मध्यमान आफ्रिकेतील काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात १.९ तास, तर थायलंड-कंबोडिया सीमेवर ७.० तास आढळले.

हे आकडे वाचून आपण चटकन म्हणू, आफ्रिकेतील जंतू साधे, कंबोडियातील जंतू चिवट. ते खरेच आहे, पण एवढेच खरे आहे का? कंबोडिया-थायलंडच्या जंगलपट्टीत हिवतापाचा प्रसार विरळ. तेथील तरुण लाकूडतोड्याला हिवताप आयुष्यात एखाद-दुसऱ्यांदा झालेला असतो. काँगोतील शाळकरी मुलाला तो डझनवारी वेळा होऊन गेलेला. एकाच्या अंगात नुसती गोळी लढते, दुसऱ्याच्या अंगात गोळी आणि सगळी जुनी कमाई मिळून लढतात. आपल्या बैलजोडीतला एक बैल जबर असला की दुसरा लंगडतो आहे हे गाडीत बसलेल्याला कळत नाही. तसेच हे आहे. त्याच अभ्यासमालिकेतील रुग्णांची प्रतिपिंडे नंतर मोजली गेली. तो अहवाल २०१७ साली आला. प्रतिपिंडे अधिक त्यांचा अर्धकाल कमी, असे त्यात दिसले. याचा अर्थ केल्च-१३ चे बदल खोटे ठरले असा नव्हे. अर्थ एवढाच की नुसत्या अर्धकालावरून औषधाची परीक्षा करताना रुग्णाचे अंगही तराजूत बसलेले असते.

या बाबतीत मला सर्वांत पटणारा दाखला मालीचा वाटतो. माली हा पश्चिम आफ्रिकेतील गरीब, शेतीवर जगणारा देश. तेथील अब्दुलाये जिम्दे या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह क्लोरोक्विनचा अभ्यास केला. क्लोरोक्विनला दाद न देणाऱ्या जंतूंच्या एका जनुकात ठरावीक बदल असतो. २००१ साली त्यांनी दाखवले की ज्या रुग्णांत औषध अयशस्वी झाले त्या सर्वांच्या जंतूंत तो बदल होता. पण उलट बाजू तितकी सरळ नव्हती. तो बदल असलेले जंतू अंगात असूनही कित्येक रुग्ण त्याच क्लोरोक्विनने बरे झाले! हे कोण? २००३ च्या लेखात उत्तर आहे: वय जसजसे वाढत जाते तसतसे निकामी औषधानेही बरे होण्याचे प्रमाण वाढत जाते. औषध तेच, जंतूही तसलाच, फरक फक्त अंगच्या कमाईचा. यापुढे जाऊन त्यांनी असेही सुचवले की संपादित प्रतिकारशक्ती कोणात किती आहे हे ओळखण्याची ही एक चांगली कसोटीच होय. वैगुण्यातून मोजमाप काढण्याची ही युक्ती मला फार आवडली. पुढे २०१३ साली मालीतल्याच केनियेरोबा येथील मुलांवर आर्टेसुनेट या आर्टेमिसिनिन वर्गातील औषधाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथेही मोठ्या मुलांचे रक्त लहानांपेक्षा लवकर जंतुमुक्त होत होते.

आता कोणी म्हणेल, वयाने शरीरच मोठे व बळकट होते, त्यात कमाईचा काय संबंध? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे पूर्ण निराकरण झालेले नाही. इंडोनेशिया सरकारने दाट वस्तीच्या जावातून हजारो कुटुंबे नेऊन इरियन जाया, म्हणजे आजच्या पापुआ भागात वसवली. जावातील या लोकांना हिवताप जवळजवळ माहीत नव्हता. नव्या ठिकाणी तो बारमाही होता. तेथे बेअर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की सुरुवातीला मोठी माणसेही आजाराने जबर पडली, पण दोनेक वर्षांतच मोठ्यांना संरक्षण मिळू लागले आणि बरोबर आलेली मुले मात्र तशीच आजारी पडत राहिली. दोघांचा सहवास सारख्याच काळाचा होता. म्हणजे वय हा केवळ अनुभवाचा हिशेब नाही. मोठे शरीर शिकतेही लवकर. भूगोलाची विद्यार्थिनी म्हणून मला यात दुसरेही काही दिसते. स्थलांतर करणाऱ्याचे अंग गावाचे असते आणि रोग मुक्कामाचा असतो. रस्त्याच्या, धरणाच्या किंवा जंगलतोडीच्या कामावर जाणाऱ्या टोळ्यांत म्हणूनच हिवताप उसळतो.

आपल्याकडे आफ्रिकेइतका दाट प्रसार नाही हे खरे. महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीच्या जंगलभागावर आहे आणि इतर जिल्ह्यांतील बहुतेकांच्या अंगात सांगण्यासारखी कमाई नाही. तरीसुद्धा ‘मला दोन गोळ्यांत गुण आला, उरलेल्या ठेवून द्या’ हे वाक्य मी आमच्या गावी अनेक घरांत ऐकले आहे. आमच्या घरात गोळ्यांच्या पाकिटावरचा मजकूर वाचू शकणारी मीच पहिली. वडिलांना दोन गोळ्यांत गुण आला तर तो त्यांना आला. ठेवून दिलेल्या गोळ्या ज्याच्यासाठी पुढे निघतात ते तीन वर्षांचे पोर असते. त्याच्या अंगात पहिला बैल नसतोच. वरचे दहा हजारांचे गणित मी आईला ज्वारीच्या दाण्यांवर करून दाखवले, तेव्हा ते तिला माझ्याआधी कळले.

कंपालाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे आणि तितकीच महत्त्वाची. युगांडाच्या या राजधानीत मुलांच्या एका गटावर काही वर्षे लक्ष ठेवले होते. एका जोड-औषधाचे अपयश वर्षागणिक वाढताना दिसले. साहजिकच वाटले, जंतू चिवट होत आहेत. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात निराळेच निघाले. मुलांना हिवताप पूर्वीपेक्षा कमी वेळा होऊ लागला होता, त्यामुळे त्यांची कमाई घटली होती आणि औषधाचे अपयश वाढण्याचे कारण जंतूतील बदलापेक्षा मुख्यतः ते होते. म्हणजे मच्छरदाण्या आल्या, रोग कमी झाला, ही आनंदाची गोष्ट. आणि तिच्यामुळेच औषधाचे उणेपण उघडे पडले! रोग हटवणे थांबवावे असा याचा अर्थ कोणी काढू नये. कमाई राखण्यासाठी मुलांना आजारी पडू द्यावे, असे म्हणणाऱ्याने आधी स्वतःचे मूल पुढे करावे.

हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा निकडीचा झाला आहे, कारण केल्च-१३ मधील बदल असलेले जंतू आता आफ्रिकेतच उपजले आहेत. रवांडातील असे जंतू २०२० साली जाहीर झाले. उत्तर युगांडात २०१७ ते २०१९ या काळात तपासलेल्या रुग्णांत रक्त जंतुमुक्त व्हायला वेळ लागत असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही ठिकाणचे जंतू कंबोडियातून आलेले नव्हते. ते तेथलेच होते. आफ्रिकेतील प्रौढांच्या अंगची कमाई अशा जंतूंना काही काळ झाकून ठेवू शकते. प्रौढ बरे होत राहतील आणि सगळे ठीक आहे असे वाटेल.

दुसऱ्या बाजूने लसी आल्या आहेत. मुलांसाठी पहिली लस २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली. दुसरी, आर-२१ नावाची, ऑक्सफर्डमध्ये तयार झाली, २०२३ मध्ये तिची शिफारस झाली आणि तिचे उत्पादन आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते. या दोन्ही लसी जंतूला यकृतात शिरण्याआधी अडवतात. रक्तातल्या जंतूची सोंगे त्या शिकवत नाहीत. त्यामुळे लस घेतलेले मूल कमी वेळा आजारी पडेल, वाचेल. पण जेव्हा पडेल तेव्हा त्याच्या रक्तातली जुनी कमाई थोडी असेल आणि गोळीला अधिक ओझे वाहावे लागेल.

म्हणून औषधाची खरी परीक्षा कोणाच्या अंगात करावी, हे आता ठरून गेले आहे. जेथे हिवताप दाट आहे तेथे औषध अजून चालते का हे पाहण्याच्या चाचण्यांत ६ ते ५९ महिने वयाची मुले घेतात. त्यांच्यावर २८ किंवा ४२ दिवस लक्ष ठेवतात, आणि ताप परतला तर जंतू जुनाच की नव्या डासाने आणलेला हे जनुके ताडून पाहतात. आईच्या कमरेवर बसून आलेले, सुईला घाबरून रडणारे, अजून काहीच न कमावलेले मूल. त्याचे रक्त तिसऱ्या दिवशी स्वच्छ निघाले, तर ते गोळीनेच स्वच्छ केले असे धरता येते.